काचेच्या पुडीचा माल: सात गोण्या, दोन लॉट आणि एक फसलेली भिंत

गोणीचं तोंड सोडल्यावर मिस्त्रींनी चिमूटभर पूड अंगठा-तर्जनीत धरून चोळली आणि सवयीने जिभेवर टेकवायला निघाले, तेव्हा मीच त्यांचा हात धरला. "अहो, काच आहे ती!" ते हसले. "काच कसली ताई, तोंडाला लावायची पावडर आहे ही."

त्यांचं चूक नव्हतं. रिकाम्या बाटल्या फोडून, दळून केलेली ही पूड पांढरट राखाडी आणि हाताला रेशमी लागते. टोचत नाही, कापत नाही, बोटांच्या रेषांत जाऊन बसते. गोणी २५ किलोची. वर लिहिलंय की मालातल्या सिमेंटचा पाचवा हिस्सा काढा आणि त्याजागी ही घाला. मी वीस वर्षं दुरुस्तीची, विटकामाची आणि गिलाव्याची छोटी कामं घेते. सिमेंट 'काढा' असं सांगणारं उत्पादन दिसलं की माझा हात आधी खिशाकडे जात नाही, कपाळाकडे जातो. पण यावेळी घरमालकीणबाईंचाच आग्रह होता, आणि कुंपणाची भिंत म्हणजे प्रयोगाला तशी बरी जागा. डोक्यावर पडायला वर काही नाही.

सात गोण्या आणल्या. पहिल्या चार एका लॉटच्या, नंतरच्या तीन दुसऱ्या. हे परीक्षण त्या दोन लॉटचं आहे, कारण एकाच नावाच्या गोण्यांत इतका फरक मी आजवर पाहिला नव्हता. उत्पादनाचं नाव घेत नाही. अशा पुड्या आता बरेच जण विकतात, आणि मी जे पाहिलं ते कुठल्याही गोणीत निघू शकतं.

आधी हे चालतं कसं ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. सिमेंटला पाणी लागलं की दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे वाळूला धरून ठेवणारा चिकट पदार्थ, ज्यावर सगळी ताकद उभी असते. दुसरा चुना. हा चुना मालात नुसता बसून असतो. ताकदीच्या कामाला फारसा येत नाही, उलट पाण्याबरोबर बाहेर येऊन भिंतीवर पांढरे डाग पाडतो. बाटलीच्या काचेत सत्तर टक्क्यांच्या वर सिलिका असते, तीही स्फटिक नसलेली, म्हणून रसायनाला लवकर दाद देणारी. ती पुरेशी बारीक दळलेली असेल तर या बसलेल्या चुन्याला धरते आणि त्याचा पुन्हा तोच चिकट पदार्थ करते. चुन्यात विटेची सुरखी घालायचे ते याच गुणासाठी. रोमन लोक ज्वालामुखीची राख घालायचे तेही यासाठीच, आणि इटलीतल्या पोत्सुओली गावाच्या नावावरूनच अशा पदार्थांना 'पोझोलाना' म्हणतात. तेव्हा कल्पना नवी नाही, गोणी नवी आहे.

फक्त 'पुरेशी बारीक' या दोन शब्दांवर सगळं अडतं. काच आणि सिमेंट यांचं वैर जुनं आहे. सिमेंटमधले अल्कली, म्हणजे तीव्र क्षार, आणि सिलिका यांच्यातून फुगणारा जेल तयार होतो, तो पाणी पितो आणि काँक्रीट आतून फोडतो. हे १९४० मध्ये कॅलिफोर्नियात स्टँटन नावाच्या अभियंत्याने दाखवून दिलं. वाळूएवढे काचेचे तुकडे मालात गेले तर हाच धोका. तीच काच ७५ मायक्रॉनच्या खाली दळली की माल कच्चा असतानाच तिची प्रक्रिया सगळीकडे सारखी पसरते आणि फुगायला गोळा उरत नाही. म्हणून मी पहिलं काम काय केलं, तर ओळखीच्या प्रयोगशाळेतून ७५ मायक्रॉनची चाळणी आणली आणि नळाखाली मूठभर पूड धुऊन पाहिली. पहिल्या लॉटचं चाळणीत जेमतेम बोटाला लागण्याइतकं उरलं. दुसऱ्या लॉटचंही तसंच. दळण्याला मी पैकीच्या पैकी गुण देते. चूक दळण्यात नव्हती.

आता प्रमाण. गोणीवर 'वीस टक्के' असं ठळक लिहिलंय, पण वजनाने की मापाने, याबद्दल चकार शब्द नाही. कामावर माल घमेल्याने मोजतात, तराजूने नाही. काचेची घनता साधारण २.५ आणि सिमेंटची ३.१५, म्हणजे सारख्या मापाची पूड सिमेंटपेक्षा हलकी भरते. चार घमेली सिमेंट आणि एक घमेलं पूड घातली की वीस टक्के घातल्याचं समाधान मिळतं, प्रत्यक्षात जातात सोळा-सतरा. शिवाय एकूण बांधणारा ऐवज कमी पडतो तो वेगळाच. आम्ही यावर सोपा तोडगा काढला. ५० किलोची सिमेंटची अख्खी गोणी आणि त्यात पुडीची अर्धी गोणी. साडेबारा भागिले साडेबासष्ट, बरोबर वीस टक्के. अर्धी करायला मात्र तराजू लागतोच, डोळ्याने होत नाही. वाळूही मग पन्नास नव्हे तर साडेबासष्ट किलोच्या हिशेबाने घ्यायची, हे मिस्त्रींच्या गळी उतरवायला मला एक सकाळ लागली.

कालवताना एक काळजी घ्यावी लागते. पूड आधी कोरड्या सिमेंटमध्ये मिसळायची, फावड्याने तीन वेळा तरी उलटीपालटी करायची, मग वाळू आणि शेवटी पाणी. पहिल्याच दिवशी बिगाऱ्याने घाईत ओल्या वाळूवर पूड टाकली आणि तिच्या गोट्या झाल्या. त्या भिंतीवर थापीखाली फुटायच्या आणि पांढरे ठिपके सोडायच्या. मास्क लावायचाच. काचेची सिलिका स्फटिक नसल्याने वाळूच्या धुळीइतकी फुप्फुसाला घातक नाही हे खरं, पण गोणी झटकताना जो ढग उठतो तो कोणाच्याच छातीला बरा नाही. आणि हातमोजे काचेसाठी नकोत, सिमेंटसाठी हवेत. हात खातं ते सिमेंटच.

पहिल्या लॉटचा माल भिंतीवर लागला तेव्हा मिस्त्री खूश झाले. काच पाणी शोषत नाही, त्यामुळे नेहमीइतक्याच पाण्यात माल जास्त लोण्यासारखा झाला. थापीवरून सुटतो छान, विटेला धरतो छान, फंटी (गिलावा सपाट करायची पट्टी) ओढताना फाटत नाही. वजनाने बदल केल्यामुळे बारीक ऐवजाचं आकारमान वाढतं, म्हणून माल भरीव लागतो. वाळू थोडी भरड होती, एरवी तिने त्रास दिला असता. यावेळी कुरकुर झाली नाही. रंग मात्र बदलतो. गिलावा वाळल्यावर साध्या मालापेक्षा उजळ दिसतो. जुन्या भिंतीला ठिगळ लावायचं आणि वर रंग द्यायचा नसेल, तर लांबून चौकोन ओळखू येईल. आम्ही भिंत पूर्ण केली, म्हणून निभावलं.

शंका म्हणून मी ताकद तपासायला मालाचे ५० मिलिमीटरचे क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळे, भरले. निम्मे साध्या सिमेंटचे, निम्मे पुडीचे, वाळू तीच, पाणी तेच, सगळे पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवले. सातव्या दिवशी फोडले तेव्हा पुडीचे क्यूब ताकदीत साध्यांपेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी भरले. मालकीणबाई तिथे होत्या, त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, थांबा. चुना आधी तयार व्हावा लागतो, मग काच त्याला धरणार, हे काम घाईचं नाही. अठ्ठावीस दिवसांनी फरक किरकोळ राहिला. नव्वदाव्या दिवशी पुडीचे क्यूब थोडे पुढे गेले. प्रयोगशाळेतल्या मुलाने मशीन दोनदा तपासलं. मला स्वतःला त्या 'थोडे पुढे'चं फार अप्रूप नाही. सातव्या दिवसाचा आकडा मी डोक्यात ठेवते, कारण कामं सातव्या दिवसाच्या आसपासच बिघडतात. कोणीतरी भिंतीला शिडी लावतं, कोणीतरी पाणी मारायचं सोडतं.

पाणी मारण्याबद्दल गोणीवर एक ओळ असायला हवी होती, ती नाही. या पुडीची प्रक्रिया ओलाव्यावर चालते. आठवडाभर पाणी मारून थांबलात तर वीस टक्के सिमेंट कमी घातलेला माल तेवढा तुमच्या पदरात राहील, पुढचा फायदा नाही. आम्ही चौदा दिवस ओलं गोणपाट लावून ठेवलं. एका टोकाला, जिथे नळीचं पाणी नीट पोहोचत नव्हतं, तिथे केसासारखे तडे आले आणि पृष्ठभाग नखाने खरवडला तर भुकटी येते. हाच माल, हेच हात. बाकी भिंतीवर नख चालत नाही.

आता दुसरा लॉट. विटकाम संपवून भिंतीच्या आतल्या बाजूचा गिलावा घ्यायचा होता. सकाळी साडेनऊला लावायला सुरुवात केली. एरवी दोनेक तासांत माल पाणी सोडतो, मग रंधा मारून पृष्ठभाग घोटता येतो. साडेअकराला मिस्त्रींनी अंगठा दाबला, पेरभर आत गेला. एक वाजता पुन्हा तेच. तीन वाजता भिंतीचा खालचा पट्टा स्वतःच्या वजनाने ओघळून पोट काढून बसला. पाणी जास्त झालं म्हणून मी बिगाऱ्यावर ओरडले. ते माझं चुकलं, त्याने पाणी मोजून घातलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी मी तसं त्याला सांगितलं. संध्याकाळी सहाला टॉर्च धरून रंधा मारला. ओघळलेला पट्टा सकाळी खरवडून काढावा लागला.

रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी चार वड्या केल्या, बशीएवढ्या. पहिली नुसत्या सिमेंटची. दुसरीत पहिल्या लॉटची शिल्लक पूड. तिसरीत दुसऱ्या लॉटची. चौथ्या वडीसाठी दुसऱ्याच लॉटची दोन वाट्या पूड घेतली, तीन पाण्यांनी धुतली, तळाला बसू दिली, वरचं पाणी ओतलं आणि तव्यावर कोरडी केली. दर अर्ध्या तासाने नख टोचत बसले. पहिली, दुसरी आणि चौथी मागेपुढे घट्ट झाल्या. तिसरी मध्यरात्रीही लोण्यासारखी. म्हणजे दोष काचेत नव्हता, काचेला चिकटून आलेल्या आणि पाण्यात विरघळणाऱ्या कशात तरी होता. धुवायचं पाणी नाकाशी धरलं तर आंबूस गोड वास. साखर! बाटल्या न धुताच दळलेल्या. सिमेंटला साखरेचं वावडं आहे हे या धंद्यात सगळ्यांना ऐकून माहीत असतं. सिमेंटच्या वजनाच्या हजाराव्या भागाइतकी साखरही माल तासन् तास ओला ठेवते. बाटलीच्या तळाला वाळलेलं पेय दळणात गेलं की तेवढी साखर सहज होते.

मग आणखी एक तपासणी सुचली. चुन्याची निवळी काचेच्या ग्लासात घेतली आणि त्यात चमचाभर पूड सोडून हलवली. पहिल्या लॉटची पूड गुमान तळाशी गेली. दुसऱ्या लॉटमध्ये तळापासून दोन-तीन ठिकाणी बुडबुड्यांच्या बारीक माळा वर येत राहिल्या, दहा मिनिटं तरी. ते ॲल्युमिनियम. बाटलीच्या टोपणाचे आणि मानेच्या पत्र्याचे कण. अल्कलीत ॲल्युमिनियमपासून हायड्रोजन वायू सुटतो, आणि तो ओल्या मालात सुटला की गिलावा फुगतो, पोकळ होतो. आमच्या भिंतीवर तसं काही दिसलं नाही, प्रमाण कमी असावं. पण दिसायची वाट कोण बघणार?

विक्रेत्याला फोन केला. "मॅडम, काच ती काच, लॉटने काय फरक पडतो? अशी तक्रार आजवर कुणी केली नाही." मी ग्लासाचा आणि चार वड्यांचा व्हिडिओ पाठवला. दोन दिवसांनी त्यांनी न उघडलेल्या दोन गोण्या बदलून दिल्या, जुन्या साठ्यातल्या, आणि त्या चांगल्या निघाल्या. माणसं वाईट नाहीत. पण गोणीवर लॉट क्रमांक नाही, दळल्याची तारीख नाही, चाचणीचा अहवाल मागितला तर 'पाठवतो' म्हणून आजतागायत आला नाही. गोणीवर आहे ते एक मोठं हिरवं पान. अमेरिकेत २०२० साली काचेच्या पुडीसाठी एएसटीएम सी १८६६ हे वेगळं मानकच आलं, म्हणजे काय तपासायचं हे आता लिहून ठेवलेलं आहे. 'पुनर्वापर' हा शब्द छापून स्वच्छतेची जबाबदारी झटकता येत नाही.

मालकीणबाईंनी मधेच विचारलं होतं, हे जगात कुणी खरंच वापरतं का, की आपणच उंदीर? वापरतात. कॅनडात माँट्रियलला नन्स आयलंडवर डार्विन नावाचे जोडपूल आहेत, त्यांच्या काँक्रीटमध्ये सिमेंटचा दहा टक्के भाग काचेच्या पुडीचा आहे, सुमारे ७०,००० बाटल्यांचा. औष्णिक केंद्राची राख तर त्याहून कितीतरी जुनी. अमेरिकेत मोंटानातलं हंग्री हॉर्स धरण १९५३ मध्ये पुरं झालं, त्यात ती घातलेली आहे. आणि बाईंचा मूळ मुद्दा बिनतोड आहे. सिमेंटची भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, पण निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड इंधनातून नव्हे तर चुनखडीतूनच सुटतो. इंधन कितीही बदललं तरी तो हिस्सा कायम राहतो. तो कमी करायचा तर क्लिंकरच, म्हणजे भट्टीतून निघणारे आणि दळून सिमेंट होणारे गोळेच, कमी घालायला हवेत. माझी एकच पुस्ती: ज्या काचेची पुन्हा बाटली होऊ शकते तिची बाटलीच व्हावी. दळायच्या त्या रंगांची सरमिसळ झालेल्या काचा, ज्या बाटलीच्या कारखान्यांना नको असतात.

इतर पर्यायही मी थोडेफार हाताळलेत. औष्णिक राखेचे कण गोल असतात, त्यामुळे माल कालवायला सगळ्यात सुखाचा तिचाच. फक्त न जळलेला कोळसा जास्त असेल तर पाण्यावर काळी साय येते. तशी साय दिसली की मी ती राख परत करते. तांदळाच्या तुसाची राख नीट जाळलेली असेल तर जोरदार आहे, पण पाणी ढोसते, आणि फार तापवली तर स्फटिक होऊन निकामी. विटेची पूडही पाणी पिते आणि माल गुलाबी करते. जुन्या बांधकामाच्या दुरुस्तीत मला तो रंग आवडतो. पाण्याच्या बाबतीत काच या सगळ्यांत समजूतदार.

काही ठिकाणी मी ही घेणार नाही. गळती थांबवायच्या तातडीच्या कामाला नाही. कडाक्याच्या थंडीत नाही, आधीच संथ असलेली गोष्ट आणखी गोठते. आणि राख मिसळलेल्या तयार सिमेंटमध्ये तर अजिबात नाही. त्यातला चुना वाटून घ्यायला राख आधीच बसलेली असते, वरून काच घातली की तिच्या वाट्याला काही उरत नाही आणि ताकद नुसतीच पातळ होते. गोणीवर हेही लिहिलेलं नाही, आणि हल्ली बहुतेक जण मिश्र सिमेंटच आणतात. नव्या गोणीसाठी माझी रीत आता ठरलेली आहे. एक वडी, एक ग्लास निवळी, मग भिंत. पहिल्या लॉटला पाचात साडेचार, दुसऱ्याला एक, आणि तोही दळण्याचा.

दुसऱ्या लॉटची उघडलेली अर्धी गोणी माझ्याकडेच राहिली. सामानाच्या दमट खोलीत ती चार महिने पडून होती, शेजारी सिमेंटची अर्धी गोणी. परवा बघितलं तर सिमेंटचा दगड झालेला, पुडीच्या नुसत्या गुठळ्या, चाळणीवर हात फिरवला की मोकळ्या. स्वतःहून ती कधीच घट्ट होत नाही. मिस्त्री म्हणतात, "टाकायची कशाला ताई, पुढच्या कामाला धुऊन घेऊ." साडेबारा किलो पूड धुऊन निथळायला किती दिवस लागतील याचा त्यांना अंदाज नाही. मी दोन वाट्या धुतल्यात.